मागच्या सीटवर बसणार नाही म्हणजे नाही

१२ फेब्रुवारी, बुधवार. पौर्णिमा.

गाडीची डावी बाजू परत घासली! नृसिंहवाडीला जाताना वाटेत उसाची ट्रॉली उभी होती, आंधळ्यालासुद्धा दिसली असती — हे सरळ तिच्यावरच! आरसा तुटून लोंबायला लागला. आणि वर शिव्या ट्रॉलीवाल्यालाच. "मधीच कशाला लावतोस रं?" तो बिचारा रस्त्याच्या खाली होता.

मी मागं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याही मागं. पुढची सीट रिकामी. या घरात बाईनं पुढच्या सीटवर बसायचं नाही, सासऱ्यांच्या जीपपासूनची पद्धत. पुढं पुरुष बसणार, पुरुष नसला तर नारळाची पिशवी बसणार. आज पिशवी बसली होती. पट्टा लावून!

माझं लायसन पर्समध्ये आहे. दिवाळीनंतर मिळालं, बावन्नाव्या वर्षी. मोनाच्या ड्रायव्हिंग क्लासला पहाटे जाऊन शिकले. मोना म्हणायची, "काकी, तुमचा हात पक्का हाय." येताना म्हटलं, द्या, मी चालवते. तर हे काय म्हणतात? "पौर्णिमेची गर्दी हाय. तुझं काम न्हवं."

मग आरसा कुणी मोडला? मी का पिशवीनं?

१६ फेब्रुवारी, रविवार

जाहीर झालं. पाडव्याला नवी गाडी. सेडान! लांब, काळी, आकाराम भावजींच्याकडं आहे तसली. भावजी म्हणजे यांचे शाळेपासूनचे मित्र, गुळाचे व्यापारी. यांच्या डोक्यात काही शिरलं की समजायचं, भावजी चहाला येऊन गेले.

"वहिनी, मागं बसला की सोफ्यावर बसल्यागत. पाय पसरा, डोळं मिटा. म्हाराणीवानी!"

मी म्हटलं, मला डोळे मिटायचे नाहीत, मला चालवायची आहे. छोटी घ्या. दोघंही हसले. मी काय विनोद केला का?

हे म्हणाले, "छोटी गाडी आमच्या वयाला शोभत न्हाय. कारखानदार माणूस हाय मी." कारखाना म्हणजे उद्यमनगरातली दोन लेथ मशीनं आणि एक कामगार, कृष्णात, तोही निम्म्या दिवसाचा. असू दे. मी कमी लेखत नाही. पण मोठेपणा गाडीच्या लांबीत असतो का?

आणि गाडीला म्हणे चारी बाजूंनी कॅमेरे. "सगळं दिसतं बघ, काचेवर!" हे तीनदा सांगितलं. अहो, काचेतून बाहेर बघा की, तिथंही सगळं दिसतं!

२० फेब्रुवारी, गुरुवार

चटणीचा पहिला घाणा झाला. कांदा-लसूण, दरवर्षीसारखी. डंकावर कुटून आणली तेव्हा अख्ख्या गल्लीला शिंका. घरी आल्या आल्या तेल घालून ताटात वाढली, डावीकडं, जिथं चटणी वाढतात तिथं. यांनी बोटसुद्धा लावलं नाही. जेवून उठता उठता म्हणतात, "औंदा चटणी न्हाई व्हय केलीस?"

समोर ठेवलेली! इतका राग? गाडीचा राग माझ्या चटणीवर? हात मागं घेताना डावीकडचा तांब्याही उपडा केला. पुसला मीच.

कुरुंदवाडच्या दुकानाची चटणीची ऑर्डर मार्चात पोचवायची आहे. कशी पोचवणार, हा प्रश्न यांच्या काचेवर दिसत नाही वाटतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मजा केली. शोरूमला जाताना चटणीचा रिकामा पत्र्याचा डबा बरोबर घेतला, पंधरा किलोचा. आणि आत्याबाईंना. हे म्हणाले, "डबा कशाला?" मी म्हटलं, गाडी बघायला.

खोटं कशाला लिहू, लांब गाडीत बसले तेव्हा बरं वाटलं. पाठ टेकली की माणूस खाली खाली जातो. पाय पसरायला जागा, मागंसुद्धा थंड हवा. खड्ड्यातनं नेली तरी पोटातलं पाणी हलत नाही. आकाराम भावजी त्यात झोपत असतील तर त्यांना दोष नाही.

पण डिकीत डबा उभा राहीना! डिकी खोल, लांब, आत चार माणसं झोपतील, पण तोंड अरुंद. आडवा घातला तर बसतो. चटणीचा डबा आडवा कोण घालतं? सगळं तेल सुटेल. मग छोटीचं मागचं दार वर उचललं, सीट पाडली, डबा ताठ उभा! तसले सहा-सात आरामात बसतील. शोरूमचा पोरगा टाय सावरत बघत होता. माझ्याशी बोलतच नव्हता, सगळं "सर, सर". मी म्हटलं, पावणं, हिकडं बघा, गाडी मी चालवणार हाय.

मग आत्याबाई. लांब गाडीत बसल्या खऱ्या, पण सीट इतकी खाली की उठता येईना. एक्क्याऐंशीची बाई, गुडघे गेलेले. दोघांनी ओढून काढलं. छोटीत सीट उंच, खुर्चीवर बसावं तशा बसल्या आणि स्वतः उतरल्या. बाहेर येऊन पदर झटकला आणि म्हणाल्या, "हीच बरी की रं इजय."

यांनी ऐकलंच नाही. सेडानच्या कॅमेऱ्याकडं बघत उभे होते. मान अशी डावीकडं वळवून वळवून.

१ मार्च, शनिवार

बोलणं बंद. डब्यामुळं शोरूममध्ये इज्जत गेली म्हणे. डबा माझा, इज्जत यांची!

४ मार्च, मंगळवार

हे मिरजेला गेले. एसटीनं! दारात गाडी असताना. कास्टिंगचं काम आहे म्हणाले. मी काही विचारलं नाही, म्हणजे विचारणार होते, पण बोलणं बंद आहे ना.

संध्याकाळी आले. दोन घास खाऊन पडून राहिले. अनुजाला पुण्याला फोन लावला. ती म्हणते, "आई, पप्पांना हवी ती घेऊ दे ना, कशाला भांडता?" म्हटलं, अनुजा, तू रोज कंपनीत स्वतः गाडी चालवत जातेस ना? मग तू मला हे सांगू नकोस.

पोरीनं विषय बदलला.

९ मार्च, रविवार

अरे देवा! आजचा दिवस शिवाजी पेठ विसरणार नाही.

शोरूमवाल्यानं लांब गाडी घरी आणली, चालवून बघायला. यांना ती आपल्या दारात उभी करून दाखवायची होती, गल्लीला. आता आमची गल्ली! दोन स्कुटर समोरासमोर आल्या तर एकीनं कुणाच्यातरी सोप्यात शिरावं लागतं. आमची जुनी गाडी बारकी, म्हणून ती कशीबशी दारापर्यंत येते. मी सांगितलं होतं, आधी गल्ली मोजा. गाडी बघायला चार वेळा गेलात, गल्ली एकदा तरी बघितलीत का? "जन्म गेला माझा या गल्लीत, मला सांगू नगंस."

मी, आत्याबाई, सगळ्या बायका दारात. गाडी वळली, छान आली, आणि पवारांच्या घराशी आल्यावर डावं चाक थेट त्यांच्या पायरीवर! उजवीकडं विजेचा खांब. पुढं जाईना, मागं येईना. खांबामुळं यांचं दार उघडेना, भिंतीमुळं शोरूमच्या पोराचं उघडेना. दोघं आत. कॅमेऱ्यावर सगळं दिसतंय, यंत्र आतनं टुंई-टुंई ओरडतंय!

तेवढ्यात हलगी. आमच्या पेठेचा फुटबॉलचा संघ जिंकला होता, स्टेडियमवरनं मिरवणूक आली. गुलाल, झेंडे, शंभरभर पोरं, आणि गल्लीच्या तोंडाला बूच! पोरांनी जरा विचार केला आणि घातला हात गाडीच्या मागच्या बाजूला. "उचला रं काकांना!" उचलली की! हे आणि तो टायवाला आत बसलेले तसेच. हलगीच्या तालावर सरकवत सरकवत बाहेर नेऊन ठेवली. काळी गाडी, वर सगळा गुलाल.

मी हसले. पोट दुखेस्तोवर हसले. आत्याबाईंनी तोंडात पदर कोंबला होता.

घरात आल्यावर म्हटलं, एवढी मोठी पायरी दिसली नाही? हे म्हणाले, "कसली पायरी?" अगदी साळसूद चेहऱ्यानं! जन्म या गल्लीत गेला, आणि कसली पायरी! कबूल म्हणून करायचं नाही माणसानं!

गाडी मात्र तीच घेणार. लावायला मैदानाजवळ जागा भाड्यानं बघितली आहे. म्हणजे आत्याबाईंनी गुडघे घेऊन मैदानापर्यंत चालायचं, मग सोफ्यावर बसायचं!

१३ मार्च, गुरुवार. होळी.

उद्या पौर्णिमा, आणि नृसिंहवाडीला जायचं नाही. "गाडी सर्व्हिसिंगला टाकायची हाय." गाडी दारात उभी आहे. आत्याबाईंची एकही पौर्णिमा आजवर चुकली नव्हती. सासरे गेले त्या सालीसुद्धा कुणाबरोबर तरी गेल्या होत्या.

म्हटलं, किल्ली द्या, मी नेते. "न्हाई." का? "न्हाई म्हणजे न्हाई."

आत्याबाई पोळी न खाता निजल्या. म्हातारं माणूस बोलत नाही, पण उशी ओली होते. मला या माणसाचा इतका संताप येतो आहे की बोंब मारायला होळीची गरज नाही.

२२ मार्च, शनिवार

नेली! हे आंघोळीला गेले, मी खुंटीवरची किल्ली घेतली. डबे आधीच भरून दारामागं ठेवले होते. सीट पाडली, डबे उभे केले, आणि कुरुंदवाड!

शिरोळच्या अलीकडंपर्यंत स्टिअरिंग आवळून धरलं होतं. मग पकड सैल केली. ट्रॅक्टर आले, ऊसवाले आले, एक म्हैस मधोमध येऊन माझ्याकडं बघत उभी राहिली. हॉर्न वाजवला, बाजूला झाली. दुकानदार बाहेर येऊन बघतो, "वैनी, ड्रायव्हर कुटं?" म्हटलं, तुमच्यापुढं उभा हाय की!

परत आले तर हे पायरीवर बसलेले. मी भांडायची तयारी करूनच उतरले. ओरडले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, डावीकडं हात फिरवत. मग विचारलं, "डावीकडनं एकदम कोण आलं तर दिसतं का तुला?"

न दिसायला काय झालं! म्हटलं, मला दोन डोळे दिलेत देवानं, दोन्ही धड आहेत. तुमचं बघा.

उठून आत गेले. कशी जिरवली!

२८ मार्च, शुक्रवार

आज कळलं, तेही आकाराम भावजींच्या तोंडून. लांब गाडीला ड्रायव्हर ठेवणार आहेत! पगारी! माणूससुद्धा बघून ठेवला आहे.

घरात लायसनवाली बाई बसलेली असताना बाहेरचा ड्रायव्हर! म्हणजे मला नाही ती नाहीच द्यायची. डोकंच फिरलं. भावजींच्या देखत सांगितलं, आणा तुमची लांब गाडी, ठेवा ड्रायव्हर, मी तिच्या मागच्या सीटवर बसणार नाही. मेले तरी नाही. मी आणि आत्याबाई वाडीला एसटीनं जाऊ.

भावजी चहा अर्धा टाकून गेले. हे नुसते बघत राहिले. जरा तिरकी मान करून, हल्ली बघतात तसं.

३० मार्च, रविवार. पाडवा.

सकाळी गुढी उभी केली. हे स्वयंपाकघरात आले, दार लावलं. "ऐक. वरडू नगंस. मिरजंला डॉक्टरकडं गेलतो. डोक्यात बारकी गुठळी हून गेलीय कवातरी, कळलंसुदीक न्हाय. डोळं धड हाईत, पर डावीकडचं अर्धं दिसतच न्हाय. दोन्ही डोळ्यांनी. गाडीला हात लावू नका म्हणालेत. तरी हट्टानं गल्लीत घातली, पर ती पायरी दिसलीच न्हाय."

मग लांब गाडी कशाला?

"लांब गाडीला ड्रायव्हर ठिवला तर कोण काय इचारत न्हाय. बारक्या गाडीला ठिवला की सगळी पेठ इचारणार, इजयला काय झालं."

रडले. मग डोळे पुसून म्हटलं, ड्रायव्हर घरात हाय की. आणि कोण विचारायला आलं तर माझ्याकडं पाठवा!

शोरूमला फोन केला. लांब रद्द, छोटी सांगितली. येईल तेव्हा येईल. जुनी काढली आणि आत्याबाईंची राहिलेली वाडी करून आणली. मी चालवली. पुढं हे, नारळाची पिशवी मांडीवर.

येऊन ताटं वाढली. यांची चटणी उजवीकडं वाढली. आत्याबाई म्हणाल्या, "सणाचं ताट उलटं वाढतीस व्हय गं?" म्हटलं, आजपासनं यांचं असंच.

सगळी चटणी खाल्ली यांनी. परत मागितली.