मागची दोन डोकी

१० जानेवारी
आलो एकदाचा. जोह्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना पुतण्याच्या गळ्यात घातला, पेणला एसटी पकडली नि जेवायच्या वेळेला अष्टमी गावात अमोलच्या दारात. पोराचा नवा फ्लॅट झकास हाय. बाल्कनीतनं कुंडलिका दिसते, पुलावरची रहदारी दिसते. सुनेने, नमिताने, वालाची भाजी नि तांदळाची भाकरी केली होती. म्हणाली, बाबा, रंग नाय, माती नाय, निवांत बसा. म्हटलं, चार दिवस बसतो, मग बघू. ही वहीपण तिनेच दिली. लिहीत जा, म्हणे.

१२ जानेवारी
अमोलने कंपनीतल्या कुणाकडून डिस्क आणली. परग्रहावरच्या भुतांचा पिक्चर. पंचवीस वर्षांपूर्वी धरमतरच्या मिठागरात शूटिंग झालं होतं, भुतांची अकरा डोकी मी केलेली. तेव्हा कॅसेटवर नुसत्या मुंग्या. आता एचडी. खरंच साफ, मिठाचा खडान् खडा दिसतो. माझ्या ब्रशाचा एक केस गालाला चिकटलाय, तोसुद्धा.
मागच्या रांगेतल्या दोघांना डोळे नायत, तेपण दिसलं. डोळ्यांची आखणी राहून गेलेली. गणपतीची घाई, टेम्पो दारात उभा. माझा जोडीदार गोविंदा अडून बसला होता, "बिनडोळ्याचं तोंड कारखान्याबाहेर काढू नको. ते डोळे शोधत फिरतं." मी म्हटलं, कॅसेटवर कोण बघतंय, चढव.
अमोल हसला. "बाबा, पंचवीस वर्षांनी पकडलं तुम्हाला."

१५ जानेवारी
मागच्या दोघांतल्या डावीकडच्याला डोळे हायत. त्या दिवशी नव्हते. परत लावून बघितलं. एका पापणीला बारीक खाच. तशी अमोलला हाय, लहानपणी पत्रा लागला तेव्हाची.
अमोलला धुरकट दिसतंय म्हणे. म्हटलं, मोबाईल कमी बघ.

१८ जानेवारी
डॉक्टर म्हणतो दोष काय नाय. अमोल शिफ्टला गेला नाय. भिंत धरून चालतो. डिस्क काढून डब्यात टाकलेली, तरी धूर वाढतोच. आज मुद्दाम लावली. ते डोळे आणखी साफ झालेत. पांढऱ्यातली लाल शीरपण दिसते. इकडे कमी होतं तेवढं तिकडे साफ होतं.
ते माझ्या मागे बघत होते. मागे सोफ्यावर अमोल.

१९ जानेवारी
आखणी बिघडली की आम्ही वरनं पांढरा मारतो. तेच केलं. पिक्चर थांबवला, फ्लॅटचा उरलेला पांढरा रंग घेऊन टीव्हीच्या काचेवर त्या डोळ्यांवर ब्रशाचे दोन हात मारले.
आतनं अमोल ओरडला. पार काळोख झालाय त्याला.
थिनरने पुसलं. रंग गेला. खाली तोंड सपाट. डोळेच नायत. पोराचे डोळे मी — या हाताने —

२० जानेवारी
उजवीकडच्याला रेघ आलीय. पापणीची.
नमिता सकाळपासून सुईत दोरा ओवतेय. जात नाय.
टीव्ही फोडला तर — तिचेपण फुटले तर — नाय. हात लावणार नाय.

२१ जानेवारी, दुपार
तिला आत अमोलजवळ बसवलं. मी एकटा टीव्हीसमोर बसलो. म्हटलं, माझे घे. जुने हायत, पण चालतात. नाक काचेला लागलं इतका जवळ गेलो. माझ्याकडे बघतच नाय. डोक्यावरनं आतल्या दाराकडे —
काजळ दिसायला लागलं. कडेला बारीक ओढलेलं, नमिता ओढते तसं. इतकी साफ आखणी मला जन्मात —
मला सगळं दिसतंय. पंखा. वही. ऊन.
नमिता दारात आलीय. चौकट चाचपते. म्हणते, "बाबा, भर दुपारी खिडक्या का लावल्यात?"
उघड्या हायत. सगळ्या उघड्या हायत. तिला काय —