गरज नसलेली पॅकेजेस

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

अखेर अंबडमध्ये नोकरी लागली, आणि तीही आप्पांच्याच कारखान्यात. बावीस वर्षं ते ज्या प्रेसवर पत्र्याला आकार देतात, तिच्यापासून चाळीस पावलांवर माझी काचेची केबिन. सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून आले. गेटवर त्यांनी वॉचमनला उगाचच थांबून सांगितलं, ही आमची शुभांगी, कंप्युटरवाली. मी लाजून मेले, पण बरंही वाटलं.

माझं काम सर्व्हर सांभाळायचं. त्याला बाहेरचं इंटरनेट नाही. कारखान्याची स्वतःची रिपॉझिटरी आहे, म्हणजे सॉफ्टवेअरची कोठीच. नाव सांगितलं की सर्व्हर तिथून पॅकेज, म्हणजे एकेका कामाचा प्रोग्राम, आणतो, आणि त्याला लागणारं बाकीचं सामान न सांगता उचलतो. माझ्या आधीच्या अश्विनने पॅकेजेसना नावं मजेशीर ठेवलीत. इथे मशीनला नंबरने कोणी ओळखत नाही. भिकनचं लेथ, नवसाबाईचं पॅकिंग, पुंजारामची प्रेस. अश्विनने प्रत्येक मशीनच्या पॅकेजला तेच नाव दिलं. पडद्यावर आप्पांचं नाव, 'पुंजाराम', वाचून मी एकटीच हसत बसले. आप्पांना दाखवलं तर म्हणाले, आता मी कंप्युटरात बी हाय व्हय.

१२ नोव्हेंबर

कोठावदे साहेबांनी नवं सॉफ्टवेअर बसवायला दिलं. हळूहळू सगळी मशीन त्यावर चालणार म्हणे. बसलं पटकन. शेवटी सर्व्हरने विचारलं, खालील पॅकेजची आता गरज नाही, काढायचं का? खाली एकच नाव, भिकन. साहेब मागे उभे होते. म्हणाले, गरज नाही तर ठेवायचं कशाला, हो म्हण. मी हो म्हटलं. आमच्या धंद्यात प्रश्न वाचायच्या आधीच बोट 'वाय'वर, म्हणजे 'हो'वर, गेलेलं असतं.

१३ नोव्हेंबर

लेथवर माणूस नाही आणि लेथ चालू आहे. त्याला सगळे आज 'दोन नंबर' म्हणत होते. भिकनकाका रजेवर आहेत का, असं मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, कोन भिकन? आपल्याकडं कुनी भिकन नाय. एकोणीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले. मला वाटलं चेष्टा करताहेत. आप्पांना चेष्टा करताना तोंड सरळ ठेवता येत नाही. आज ठेवलं होतं.

१५ नोव्हेंबर

आज पॅकिंगही नव्या सॉफ्टवेअरवर घेतलं. गरज नसलेल्यांच्या यादीत नवसाबाई. मी 'नाही' दाबलं. साहेब चिडले, खुर्ची ओढून घेतली आणि स्वतःच हो म्हणाले. तासाभराने मी पॅकिंगला गेले. टेबलावर एक बाई कमी. तिचा डबा खिडकीत तसाच, भाकरी अजून कोमट. बायकांना विचारलं तर एकमेकींकडे बघू लागल्या. कोणीतरी बेवारस म्हणून डबा कचऱ्यात टाकला.

मी ते पॅकेज परत बसवायला गेले. रिपॉझिटरी म्हणते, या नावाचं पॅकेज सापडत नाही. कधी होतं याचीही नोंद नाही. साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, अगं, फाइल काढली, माणसाला कोण काढतंय? कामावर माणसं कमी होत चालल्याचं मात्र त्यांना कौतुकच होतं.

१८ नोव्हेंबर

यादीत पुंजाराम.

डोकं मात्र चाललं. जे दुसऱ्या कशाला तरी लागतं, ते सर्व्हर गरज नसलेल्या यादीत घालत नाही. म्हणून मी एक रिकामं पॅकेज तयार केलं. नाव दिलं शुभांगी. पुढे लिहिलं, याला पुंजाराम लागतो. यात खोटं काय आहे? बसवलं. यादीतून नाव गेलं. घरी आप्पांच्या शेजारीच जेवायला बसले. ते म्हणाले, आज लय भूक दिसती पोरीला.

१९ नोव्हेंबर

साहेबांच्या लक्षात आलं. प्रेसचं पॅकेज अजून का आहे, विचारत होते. मी पाया पडले, अक्षरशः. त्यांनी माझा पासवर्ड बंद केला. यादीची वाट कशाला बघायची, म्हणाले. नाव टाकून काढता येतं. परवा स्वतःच काढणार.

आप्पांना म्हटलं, परवा येऊ नका. ते म्हणाले, कामाला नाय गेलो तर माझी गरज काय.

२१ नोव्हेंबर

आप्पा आलेच. मी प्रेसजवळ स्टुलावर बसून लिहितेय. काचेपलीकडे साहेब माझ्या खुर्चीत. केबिन आतून लावलेली. काच ठोठावली — त्यांनी बघितलंही नाही.

नाव टाकताहेत. आता सर्व्हर काय विचारेल ते मला पाठ आहे. पुंजाराम काढलं तर त्याच्यावर अवलंबून असलेलंही जाईल — शुभांगी. पुढे जायचं का?

माझ्या लक्षात कसं आलं नाही — काढताना आधी अवलंबून असलेलं काढतात. मूळ नंतर. आधी मी —

साहेब वाचत नाहीयेत. बोट —

दाबलं.

प्रेस थांबली. आप्पांनीच थांबवली. आहेत अजून. माझ्याकडे बघताहेत. फडक्याला हात पुसत जवळ आले. विचारताहेत, ताई, कुनाकडं आलाय तुमी? इथं बसायला नाय चालत.

आप्पा, मी तुमची —