सोळा मिनिटांची सरासरी

गुरुजी,

तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे. हल्ली संध्याकाळ झाली की मला घरात बसवत नाही, आणि त्यात थोडा हात तुमचाही आहे असं मला वाटतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला डोळे मिटावे लागतात, पण तुमची सरासरी मी काही विसरलेले नाही. पाथर्डीकडची आपली दोन खोल्यांची शाळा, सुगीचे दिवस, आणि तुमचं फर्मान, की उद्या ज्यानं त्यानं घरून भुईमुगाच्या शेंगा आणायच्या. कुणी खिसे भरून आणल्या, कुणी ओंजळभर, मी तर जेमतेम मूठभर. तुम्ही सगळ्या सतरंजीवर ओतायला लावल्यात, मोजून घेतल्यात आणि सगळ्यांना सारख्या वाटल्यात. "झाली सरासरी. खावा आता." खिसे भरून आणणारी पोरगी भोकाड पसरून रडायला लागली, तर तिला म्हणालात, "अगं, गणित हाय हे, दरोडा न्हाई." मी पाटीवर नुसता आकडा लिहिला म्हणून माझा कान पिरगाळलात. "नऊ काय? नऊ म्हशी का नऊ मानसं? उत्तराला नाव नगं व्हय?" पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हापासून दरवर्षी तुमच्याच शेंगा वाटत आले.

आता मी राहात्याच्या बाजूला शिकवते. इथं कालवा आहे, कालव्यामुळे ऊस आहे आणि उसामुळे बिबट्या आहे. आपल्याकडे पोरांना लांडग्याची भीती घालायचे, इथं वेगळी घालावी लागत नाही. यंदा थंडी पडायला लागली आणि कालव्याकडच्या एका गोठ्यातून शेळी गेली, मागोमाग राखणीचं कुत्रंही गेलं. वनखात्यानं पिंजरा लावला, बिबट्या काही त्यात शिरला नाही. मग पालक शाळेत आले, म्हणाले, पाचची शाळा चारला सोडा. मुख्याध्यापक कात्रीत सापडले, कारण वेळ कमी करायची म्हणजे वरून परवानगी आणायला हवी. नेमकं तेव्हाच माझ्या वर्गात सरासरी चालू होती. मला वाटलं, यंदा शेंगा राहू देत, मुलांच्या रोजच्या जगण्यातलंच उदाहरण घेऊ. प्रत्येकाला विचारलं, चालत घरी जायला किती वेळ लागतो? कुणी पाच मिनिटं म्हणालं, कुणी दहा, कुणी पंधरा. कालव्यापलीकडच्या शेवटच्या वस्तीवरची एक मुलगी म्हणाली, पंचावन्न. गणितात तीच सगळ्यांत हुशार, म्हणून फळ्यापाशी तिलाच बोलावलं. तिनं बेरीज केली, भागाकार केला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, सोळा मिनिटे. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मुख्याध्यापक दारात उभे होते. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका मला अजून दिसते. पालकांच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, "मुलांनी स्वतः काढलंय बघा. सरासरी सोळा मिनिटं. पाचला सुटली तरी पोरं चांगल्या उजेडात घरी पोचतात." पालकांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. त्या मुलीचा चुलता तिला रोज मोटारसायकलवर न्यायला यायचा. शाळेनंच हिशेब केलाय म्हटल्यावर तो दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला.

त्याच दिवशीची संध्याकाळ. मी ऑफिसात ऑनलाइन माहिती भरत बसले आहे, मुख्याध्यापक कुलपं लावताहेत, आणि माझा मोबाईल वाजतो. तिची आई. "बाई, पोरगी शाळंतच हाय का वो?" मी खिडकीतून बाहेर बघते तर मैदान रिकामं, आणि पलीकडचा ऊस काळा पडत चाललेला. हो म्हणावं असं मला इतकं वाटलं, गुरुजी! "निघालेच मी," म्हणाले आणि उठले.

मुख्याध्यापकांनी मोटारसायकल काढली, मी मागं बसले. पोषण आहाराचं एक ताट आणि पळी हातात होती, कारण आवाजानं तो बाजूला होतो म्हणतात. कालव्याचा कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. मी ताट बडवतेय, तिला हाका मारतेय, मधेच थांबून कान देतेय, तर पाचटाची नुसती सळसळ. तिचं दप्तर तेवढं रस्त्यात पडलेलं दिसेल, या भीतीनं मला खाली बघवेना आणि न बघूनही चालेना. आणि अशा वेळी डोक्यात काय यावं, तर फळ्यावरचे आकडे. सोळा मिनिटं असं वर्गात एकही मूल म्हणालं नव्हतं. मग ती सोळा मिनिटं कुणाची? शेंगा सतरंजीवर ओतून सारख्या वाटता येतात हो, रस्ता कसा वाटणार? जवळच्या पोरांची वाचलेली मिनिटं हिच्या पायांना थोडीच मिळणार होती? हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? मी ताट बडवत होते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते.

पुलाच्या कठड्यावर ती पाय वर घेऊन बसली होती, दप्तर छातीशी घट्ट धरून. आम्ही जवळ गेलो तरी हलली नाही. "बाई, त्यो म्होरून गेला," एवढंच पुटपुटली आणि उसाकडे बोट केलं. मी तिला कवटाळलं. मुख्याध्यापक गाडीचा दिवा उसावर धरून उभे राहिले. मग तिला आम्हा दोघांच्या मधे बसवून आम्ही वस्तीकडे निघालो. वाटेत तिनं मान वळवून मला विचारलं, "बाई, माझं गनित चुकलं व्हतं का?"

मी म्हणाले, नाही. अगदी बरोबर होतं.

"मग?" ती म्हणाली.

आता शाळा चारला सुटते, परवानगीचं मुख्याध्यापक बघून घेतात. चुलता पुन्हा न्यायला येतो. पिंजरा अजून रिकामाच आहे, आणि तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. सोमवारी तोच धडा पुढे सुरू करायचा आहे, तेव्हा ते द्यावंच लागेल. हे पत्र तुम्हाला कुठल्या पत्त्यावर पाठवू? पत्ता असता तरी पाठवलं नसतं, तुम्ही त्यात लाल शाईनं खुणा केल्या असत्यात. एक मात्र सांगून टाकते. वस्तीवर पोचल्यावर तिची आई मला म्हणाली, "बाई, आता सोडा की तिचा हात." पोरगी केव्हाच सावरली होती. घट्ट धरून मीच उभी होते.