चौकोनी कंसातला भोंगा

सोमवार, १० जून. सकाळी ९.
हवामानबदलाशी जग किती जुळवून घेतंय, हे मोजायचे निकष ठरवायला शंभर देश जमलेत. निकष चारशे, ठेवायचे शंभर. हॉलमध्ये अक्कल असलेला माणूस एकच. नाव लिहीत नाही, उगाच बढाई नको.
माझा निकष सत्त्याऐंशीवा: पुराचा भोंगा असलेल्या वस्त्या किती? तो यादीत राहिला की आमचं खातं नदीकाठी भोंगे बसवायला बांधील. पहिला ताईच्या वस्तीत. गेल्या वर्षी पाणी स्वयंपाकघरात आलं तेव्हा तिला पूर कळला. फोनवर म्हटलं, झालंच समज. म्हणाली, तू असं म्हणालास की मी सामान माळ्यावर चढवायला घेते. अडाणी!

मंगळवार. दुपारी १.
ज्या मजकुरावर वाद, त्याला चौकोनी कंस. जितके कंस जास्त, तितका देशाचा दरारा. शेजारच्या टकल्या प्रतिनिधीने सकाळपासून सोळा घातले. बावळट. मी चोवीस. एक तर ‘आणि’ला घातला.

बुधवार.
आमची ज्युनिअर म्हणते, सर, सत्त्याऐंशीवर कोणाचाच आक्षेप नाही, गप्प राहू या. गप्प राहायला मी काय इथे झोपा काढायला आलोय? ज्यावर भांडण नाही त्याला कोण विचारतं? मीच त्याला कंस घातला. उद्या मोठ्या मनाने काढीन आणि बदल्यात काहीतरी उकळीन. ज्युनिअरने डोक्याला हात लावला. हिचं पुढे कठीण आहे.

गुरुवार. दुपारी ३.
कंस काढणार, तोच टकल्या उठला. दुसऱ्याच एका निकषात ‘मोजणे’ नको, ‘नोंदवणे’ हवं म्हणे. मी चाळीस मिनिटं त्याची सालटी काढली. अध्यक्षबाई सारखं घड्याळ दाखवत होत्या. जळतात. भोंगा उद्या.

शुक्रवार. सकाळी ११.
अध्यक्षबाईंनी जाहीर केलं: वेळ संपली, कंसातलं सगळं वगळलं. मी हात वर केला. माईक बंद.
टकल्या हळहळला. भोंग्याचा निकष चांगला होता, कुठल्या गाढवाने कंस घातला, असं मलाच विचारलं. म्हटलं, चौकशी करतो.

शुक्रवार. दुपारी ४.
ताईचा फोन. सांगितलं, प्रक्रिया चालू आहे. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, पाऊस तोंडावर आलाय, वस्तीने नदीवर पाळीपाळीने पहारा ठरवलाय. पाणी चढलं की बोंब ठोकायची. पहिल्या पाळीला तुझं नाव दिलंय, एवढा आवाज आमच्यात कोणाचाच नाही.
हो म्हणालो.