बर्फातली म्हातारी

१७ फेब्रुवारी १९६३, रविवार. कॅसलरॉक.
सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. गाडीतून तंबू सिनेमाचे डबे उतरवत होतो. बारा गोल डबे. दोन हातातून निसटले, झाकणे उडाली, रिळे बाहेर! फलाटावर कोणी नव्हते. रिळे पुसली, आत ठेवली, झाकणे बसवली. झाकणे घट्ट बसली का, दोनदा तपासले. कोणाला सांगितले नाही.

१८ फेब्रुवारी
सगळे गाव तंबूत. चित्रपट इंग्रजी, राजांच्या काळचा, बर्फाच्या देशातला. बोलणे कोणालाच कळले नाही, पण तीन तास कोणी उठले नाही. सुरुवातीलाच बर्फात एकटी उभी असलेली पांढऱ्या केसांची म्हातारी दाखवली. शेजारची यमुनामावशी म्हणाली, "ही तिची आई असंल." मग एक तरुण बाई, एक शिपाई. तो लढाईला जातो. ती बर्फातल्या बंदरावर वाट बघते, वर्षामागून वर्षे. शेवटी एका जमीनदाराशी लग्न करते. घंटा वाजल्या आणि पडदा पांढरा झाला.
आमच्या घरातल्या कोणी कोणाकडे पाहिले नाही.

१९ फेब्रुवारी
आज जो भेटला त्याला विचारले, कसा वाटला?
गुणा हमाल — "घोडे झ्याक हुते. बाई मातूर बेइमान!"
यमुनामावशी — "बेइमान कशानं? तू ऱ्हा की बर्फात उभा, मग बोल."
माझा जीव टांगलेला. कारण हे सगळे माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, तुळजाअक्काबद्दलच चालले आहे. भावजी उमाजी चौपन्न साली गोव्यात खाणीवर गेले. पुढच्या वर्षी सरहद्द बंद. आता उघडून वर्ष झाले, बाबा दोनदा शोधून आले — पत्ता नाही. गुंद गावचा नागू, बायको वारलेला, अक्काशी पाट लावायला तयार आहे. बाबा अडून बसलेत — "जावई जित्ता असंल तर?"
संध्याकाळी बाबा आपणहून म्हणाले, "त्या बाईनं लई वाट बघितली. चुकलं न्हाई तिचं. नागूला बोलवा."
अक्का तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

२० फेब्रुवारी
सिनेमावाला डबे बांधताना हसत होता. "कुणी गाढवानं दोनचं रीळ बाराच्या डब्यात अन् बाराचं दोनच्या डब्यात घातलं रे! लोकांनी आरडाओरडा केला न्हाई, म्हणून मीबी गप्प बसलो."
मी खोदून खोदून विचारले. लग्न आधीचे. तो जमीनदार लवकरच मरतो. मग शिपाई. आणि बर्फातली म्हातारी — तीच बाई! मरेपर्यंत वाट बघते. परत लग्न करतच नाही.
ते गाढव मी.

२१ फेब्रुवारी
जेवण गेले नाही.

२३ फेब्रुवारी
बाबांना सांगून टाकले. चोरून ठेवणे जमेना. खोट्या गोष्टीवर अक्काचा पाट नको.
बाबा पायरीवर कोयतीला धार लावत होते. हात थांबला. मला वाटले, मोडले सगळे!
"म्हंजे ती म्हातारी तीच?"
"व्हय."
"आनि तो आलाच न्हाई?"
"न्हाई."
बाबांनी कोयती खाली ठेवली. "मग नागूला बोलवून काय हुतंय? तूच जा गुंदला. आज जा, त्याला घेऊनच ये. तुळजाचं केस अजून काळं हाईत."

१० मार्च, रविवार
पाट लागला. नागूभावजींनी आणलेले लुगडे हिरवे. पंचांना विडे दिले. निघताना अक्काने मला गोठ्यामागे नेले.
"तुला म्हणून सांगते. बाबांना कळू देऊ नको. तो गोव्याला जातानाच मला सांगून गेला हुता, परत येनार न्हाई म्हणून."
"मग नऊ वर्षं बोलली का न्हाईस?"
"बाबा रोज म्हनायचे, आज येईल. कसं सांगू?"
वाट बाबा बघत होते. ती त्यांना सोबत करत होती.