कॅमेरा घेतला, त्याची हकीकत

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त तो कागदावरच घालतो आहे. समक्ष भेटीत आठही अंगं वापरीन.) आम्ही सगळे बरे आहोत. मामींचे गुडघे जिन्याला कितपत तयार होतात ते कळवावं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता गल्लीच्या टोकाच्या दुकानाची पाटी तुम्हाला खिडकीतून वाचता येते, एवढंच नव्हे तर ती तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवता, असं मामींनी फोनवर सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. तुम्ही स्वतः फोनवर येत नाही, आलात तर ऐकत नाही, म्हणून हे पत्र. तुमचं पत्र येऊन चार महिने झाले. त्यात शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलं होतं, की कॅमेरा घेतलास का? मामा, प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर तेवढ्यात मावणारं नव्हतं आणि अर्धवट उत्तर पाठवणं मला जमत नाही. उशिराबद्दल राग नसावा.

तुम्हाला माहीतच आहे, मी गेली एकोणीस वर्षं पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमच्याकडे साधा झाडू घ्यायचा झाला तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, तो साहेबांपुढे ठेवायचा, साहेबांनी समासात 'चर्चा करावी' असं लिहायचं, मग चर्चा करायची, आणि तोवर कोटेशनची तीस दिवसांची मुदत संपली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, असा नियम आहे. एका वर्षी झाडू यायला सात महिने लागले. मधल्या काळात कारखाना कसा झाडला गेला ते मला ठाऊक नाही, तो दुसरा विभाग. पण आला तो झाडू असा आला, की अजून शाबूत आहे. माणूस एकदा या शिस्तीत मुरला, की घरी आल्यावर ती शर्टासारखी काढून खुंटीला अडकवता येत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

सात वर्षांपूर्वी, कन्या व्हायच्या आधी तीन महिने, तुमची सूनबाई म्हणाली, की बाळ येण्याआधी एक चांगला कॅमेरा घेऊन ठेवू, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे फोटो राहतील. मागणी रास्त होती. घरात माझा रोलचा कॅमेरा होता, पण रोलचे दिवस संपले, आता सगळं डिजिटल, असं जो तो सांगत होता. म्हणून तो मी तुम्हाला देऊन टाकला. ('मामा, ही अडगळ आता तुम्हीच सांभाळा' असं मी त्या वेळी म्हणालो होतो. ते तुम्ही विसरला असाल अशी आशा आहे.) आणि त्याच संध्याकाळी मी नवी फाइल उघडली. वर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: 'विषय – बाळाचे फोटो काढण्यासाठी डिजिटल कॅमेरा. निकड – तातडीची.' फाइल पाहून सूनबाईच्या चेहऱ्यावर काळजी दिसली होती. मी ती बाळंतपणाची समजलो.

मग मी दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराला मी कोटेशन मागितलं तेव्हा त्याने पाणी मागवलं. त्याला वाटलं मी एखाद्या शाळेसाठी शंभरेक कॅमेरे घेणार. एकच हवा आहे आणि तोही घरासाठी, हे कळल्यावर पाणी आलंच नाही. पण मी चिकाटी सोडली नाही. त्याच्याकडून शिक्क्यासह कोटेशन मिळवलं, आणखी दोघांकडून मिळवलं आणि रविवारभर बसून तक्ता केला. मेगापिक्सेल, झूम, स्क्रीनची रुंदी, बॅटरी, वजन, हमी, असे चौदा रकाने होते. सूनबाईचं मत, असाही एक रकाना होता. त्यात तिने 'कुठलाही' असं लिहिलं. हे उत्तर नियमात बसत नसल्यामुळे तो रकाना मी पुढच्या तक्त्यातून वगळला. तेव्हा दोन मेगापिक्सेलचा जमाना होता. मुदत संपायला चार दिवस उरले असताना तीनचा येतोय अशी बातमी आली. आता तुम्हीच सांगा, तीन येत असताना दोन कोण घेईल? कन्या जन्माला आली तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर तीन मेगापिक्सेलचं माहितीपत्रक वाचत होतो.

ही बातमी आणणारा माणूस म्हणजे आमच्या कारखान्याचा भांडारपाल. त्याला आम्ही थांबाराव म्हणतो. तुम्ही काहीही घ्यायला निघा, पंखा, चप्पल, घर, तो हातातला चहाचा कप खाली ठेवून म्हणणार, थोडं थांबा. त्याचा आवाज असा गंभीर, की पुढे निघालेला माणूस पायरीवरच उभा राहतो. मला तो दर तीन महिन्यांनी थांबवत असे. कन्या पालथी पडू लागली तेव्हा स्क्रीन मोठा होणार होता. ती बसू लागली तेव्हा किमती उतरणार होत्या. तिला पहिला दात आला तेव्हा हात थरथरला तरी फोटो हलू न देणारी काहीतरी सोय येऊ घातली होती आणि मी विचार केला, दात काय, अजून एकतीस यायचे आहेत. शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याला तरी बोलावू या, असं सूनबाई अधूनमधून म्हणे. मी म्हणे, आता आपलाच येतोय की.

एका रविवारी मी जमिनीवर पसरून सातवा तक्ता लिहीत होतो. तुम्हाला ठाऊक आहे, तक्ते मी शाईच्या पेनानेच लिहितो. रकाना क्रमांक चार अजून ओला होता. तेवढ्यात कन्येने खुर्चीचा पाय सोडला, दोन्ही हात वर केले आणि आयुष्यातलं पहिलं पाऊल टाकलं ते थेट रकाना क्रमांक चारवर. सूनबाई आनंदाने ओरडली. मीही ओरडलो, पण तक्त्यासाठी. तीन मॉडेलांची बॅटरी पार पुसली गेली होती. मी त्या कागदावर आडवं 'रद्द' लिहिलं, सही केली, तारीख घातली, फाइलला लावला आणि नवा कागद घेतला. (खरेदी विभागाचा माणूस रद्द कागद फेकत नाही. या सवयीबद्दल लोक हसतात, पण पुढे वाचा.)

वर्षं अशीच गेली. पहिल्या दुकानदाराने दुकान वाढवलं, त्याचे केस पिकले. मी आत शिरलो, की तो आताशा काही न विचारता खुर्ची पुढे करी आणि इतर गिऱ्हाइकांकडे वळे. माझ्यामुळे त्याचा फायदाच होत होता. मी तिथे बसून अनोळखी माणसांना कॅमेरे समजावून सांगत असे आणि ती माणसं कॅमेरा घेऊन जात. निदान चाळीस घरांतली मुलं माझ्या सल्ल्याने फोटोत आली असतील. गेल्या आठवड्यात मी थांबारावाला विचारलं, की तुझ्या मते घेण्याची नेमकी वेळ कुठली? तर तो म्हणाला, 'मी आपला पाच वर्षांपूर्वीच घेऊन टाकला. तुम्ही विचारी माणूस, म्हणून तुम्हाला सांगत होतो थांबा.' मामा, मला काय वाटलं असेल याची कल्पना करा.

आणि त्याच आठवड्यात कन्या शाळेतून निरोप घेऊन आली. बाईंनी प्रत्येकाचा तान्हेपणीचा फोटो मागवला आहे. सगळे भिंतीवर लावायचे, खाली नाव लिहायचं नाही आणि वर्गाने ओळखायचं कोण कुठला. महिनाअखेरपर्यंत मुदत. (कोटेशनची मुदत वाढवून मिळते. बाईंना विचारून पाहिलं, मिळत नाही.) आम्ही घर उलथंपालथं केलं. कपाटं झाली, माळा झाला, गादीखालचं झालं. आमच्या लग्नाचा अल्बम सापडला. सहा इंची पंपाचे सर्व बाजूंनी काढलेले अकरा फोटो सापडले. कन्येचा एकही नाही. ती शांतपणे आमच्या मागे या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. शेवटी तिने विचारलं, 'बाबा, मी लहान नव्हतेच का? मला एवढीच आणली?'

मी पुन्हा एकदा माळ्यावर चढून पाहिलं. सूनबाई मला बोलली असती तर बरं झालं असतं, कारण तिच्या बोलण्याला माझ्याकडे एकोणीस वर्षांची उत्तरं आहेत. तिने ती फाइल काढली, पानं उलटत सातव्या तक्त्यावर आणली आणि मुलीपुढे धरली. तिथे रकाना क्रमांक चारमध्ये एक इवलासा निळा पाय उमटलेला होता, आणि त्यावर, बरोबर टाचेपासून बोटांपर्यंत, माझ्या सुवाच्य अक्षरांत 'रद्द'. खाली माझी सही. धाकटं बोट शेजारच्या बोटावर चढलेलं. कन्येने मोजा काढला, आपला पाय शेजारी ठेवला, बोट जुळवून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाली, मीच आहे. मी मात्र उठून पाणी प्यायला गेलो आणि बराच वेळ पीत राहिलो. मामा, मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर मी दुकानात गेलो. दुकानदाराने खुर्ची पुढे केली, मी बसलो नाही. म्हटलं, कॅमेरा द्या. तो म्हणाला, कोटेशन ना? म्हटलं, नको, कॅमेरा. कुठला, म्हणून त्याने विचारलं, तर मी काचेवर बोट ठेवलं आणि ज्याच्यावर पडलं तो घेतला. त्याच्यात किती मेगापिक्सेल आहेत हे मी आजतागायत वाचलेलं नाही. दुकानदार बाहेर येऊन मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं मला वाटलं, आणि त्याने ती खुर्ची आत ठेवून दिली हे तर मी वळून पाहिलंच.

घरी आल्यावर आधी बॅटरी भरायची असते असं कळलं. आम्ही तिघं त्या लाल दिव्याभोवती बसून राहिलो. दिवा हिरवा झाल्यावर मी पहिला फोटो काढला. कन्या हसते आहे, समोरचे दोन दात पडलेले आहेत, पाठीमागे सूनबाईचा अर्धा खांदा आहे. फोटो फार छान आलाय. पुढच्या अर्ध्या तासात मी आणखी एकशे बारा काढले. पण कॅमेरा कितीही चांगला असला तरी तो आजचंच घेतो, मागचं घेत नाही. हा रकाना माझ्या एकाही तक्त्यात नव्हता.

असो. हकीकत लांबली. मामींना माझा आणि सूनबाईचा नमस्कार. डोळ्याला धूळ लागू देऊ नका आणि पाट्या वाचताना खिडकीतून फार वाकू नका. आमच्याकडे केव्हा येताय ते कळवा, या वेळी स्टेशनवर घ्यायला मी वेळेवर येईन.

तुमचा आज्ञाधारक (यापुढे) भाचा

ता. क. – कंबरेचं वाढवून लिहिलं आहे. माळ्यावरून उतरताना जरा चमक भरली होती, आता काही नाही. पत्राचं खरं कारण वेगळं आहे. तुम्ही दरवर्षी आठ दिवस येता, तेव्हा माझाच जुना रोलचा कॅमेरा गळ्यात अडकवून कन्येच्या मागे मागे फिरायचात. ती रांगायची तेव्हा तुम्हीही रांगायचात. मी तक्त्यातून मान वर करून म्हणायचो, मामा, रोल कशाला वाया घालवताय. ते रोल तुम्ही धुऊन आणलेत का? असतील तर जे काही असेल ते ताबडतोब पाठवा. एवढं मोठं पत्र मी खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं, आणि विचारायचा धीर व्हायला इतकी पानं लागली.

ता. क. २ – कॅमेरा तुमच्याकडे गेल्यावर, कन्या व्हायच्या आधीच, तुम्ही आम्हाला फोटोंचं पाकीट पाठवलं होतंत. त्यात सगळ्यांचे फोटो मानेपासून खाली होते, आणि मी भरल्या घरात म्हणालो होतो, की मामांनी शिंप्यासाठी मापं काढली आहेत. त्यानंतर तुम्ही एकही पाकीट पाठवलं नाहीत. मामा, ते माझं चुकलं. अगदी मापं असली तरी पाठवा.

ता. क. ३ – थांबाराव म्हणतो, पुढच्या महिन्यात याच कॅमेऱ्याचं नवं मॉडेल येतंय. सात दिवसांत परत करता येतो का, एवढं नुसतं बघायला मी पावती शोधली. सूनबाईने ती लपवली आहे. तुम्हाला कुठे ठेवली ते तिने सांगितलं, तर मला सांगू नका.

(याखाली कन्येने पेन्सिलीने लिहिलं आहे. मी वाचलेलं नाही, म्हणजे वाचलं आहे पण खोडलेलं नाही.)

आजोबा, बाबा म्हणतात तुमच्या फोटोत डोकं येत नाही. चालेल. आमच्या वर्गात माझं बोट सगळ्यांना माहीत आहे, कारण खेळाच्या तासाला आम्ही बूट-मोजे काढतो. फक्त पायात मोजे असलेला फोटो पाठवू नका.