अंदाजे मदत

प्रिय दिव्या,

हे पत्र शेजारच्या रंजीताच्या हाती देऊन राह्यली. ती उद्या नागपूरले तिच्या बहिणीकडे चालली आहे, हॉस्टेलवर नेऊन देईन म्हणाली. फोन काऊन नाई केला असं विचारशील. घरातून फोन लागला की तुहे बाबा स्पीकर चालू करतात अन् मोठे बाबा कान देऊन बसतात, अन् माहा मोबाइलही सध्या तुह्या बाबाजवळच असते, म्हून. आता शिलाईच्या दुकानात बसून लिहितो. मांडीवर राजाचा अंगरखा आहे, जरीचा काठ अर्धाच लागला. नाटकाचा सीझन तोंडावर आला आहे, वडश्यात नाटक कंपनीवाले रोज तगादा लावून राह्यले.

तू विचारत होती, दुसऱ्या वर्षाच्या फीत शिष्यवृत्तीची मदत मिळते का. म्हून मी अन् तुहे बाबा सुनिलच्या कॉम्प्युटर सेंटरवर गेलो. लहान्या भावाच्या मागं मोठे बाबाही संगं आले, त्याहीले कोणी बोलावलं नव्हतं. सुनिलनं मोबाइलवर कोणतं तरी ॲप काढलं. घरचं उत्पन्न टाकाचं, खाली ‘अंदाजे मदत’ म्हून आकडा येते. आपलं टाकलं तं शून्य आलं. मर्यादेच्या आपण जराशेच वर आहो, अन् वर गेलो ते माह्यामुळं. दुसऱ्या मशीनच्या कर्जासाठी बँकेनं माह्या नावानं रिटर्न भराले लावला होता, तो आता बोकांडी बसला. नुसत्या तुह्या बाबाच्या पगारावर मर्यादेत बसलं असतं. म्हणजे बाईनं घरी बसून माशा मारल्या असत्या तं सरकारले चाललं असतं. आपण गरीब नाई म्हून मदत नाई, अन् फी भराले श्रीमंतही नाई.

मंग सुनिलनं भलतंच सुरू केलं. म्हणे, काकू, घाबरू नका, रकाने बदलून पाहू. पहिले मले काढून टाकलं, तं अर्धी फी दिसली. मंग बाप नाई असं टाकून पाह्यलं, तं अजून वाढली. तुहे बाबा तिथीच स्टुलावर बसले होते. सुनिल मोठ्या तोऱ्यानं सांगत होता का आपल्या गल्लीतल्या दोन मजली घरवाल्याचा मजुराचा दाखला त्यानंच काढून देला. त्या घरवाल्याच्या पोराले मागच्या वर्षी पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, त्यात त्यानं गाडी घेतली. शेवटी सुनिलनं ‘विवाहित’वर बोट ठेवलं. म्हणे, पोरगी लग्न झालेली असली तं नवऱ्याकडचं उत्पन्न धरतात. तिकडचं कमी टाकलं अन् मदत भरभरून दिसाले लागली.

मोठे बाबा तेव्हाच खुर्चीवरून पुढं सरकले. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं म्हणाले. रस्त्यात येतानी तं त्याहीनं पोरगाही सांगून टाकला. अंकुश नावाचा, त्याहीच्या साळ्याच्या गावचा, नोकरी नाई, धंदा नाई. तेच तं पाह्यजे, म्हणे, कागदावर गरीब. शिक्षणही सुटत नाई अन् लग्नही उरकते. मले वाटलं तुहे बाबा आता तरी बोलतील. दिवसभर बसस्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारतात, अख्खं वडसा आवाज ओळखते. मोठ्या भावापुढं मात्र ‘पाहू दादा’ एवढंच निघालं.

रविवारी पोराकडले लोक घर पाहाले आले. मी चहा ठेवला अन् सरळ विचारलं, उत्पन्न किती होते तुमचं. आपल्याकडं सोयरीक जमवतानी हे विचाराची रीतच आहे, अन् फुगवून सांगाचीही रीतच आहे. पोराच्या बापानं छाती पुढं काढली. धान, उन्हाळी मका, ट्रॅक्टर भाड्यानं, कोणत्या तरी राईस मिलमधी हिस्सा, अन् आता अंकुशच्या नावानं जेसीबी येऊन राह्यला. मोठे बाबा अशी मान डोलावत होते का जसा तो जेसीबी त्याहीच्याच दारात उभा राहणार आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलमधी हेच तोंड आम्ही उपाशी मरतो म्हून सांगणार होतं. सुनिलनं ते ॲप माह्या फोनवर टाकून देलं होतं. मी आतमधी जाऊन त्याहीनं सांगतलं तेवढं सगळं टाकलं. शून्य. आपल्यापेक्षाही पक्कं शून्य.

मी तुह्या बाबाले आत बोलावून ते दाखवलं. त्याहीनं चष्मा वर करून पाह्यलं, फोन माह्या हातात देला अन् म्हणाले, लोक तं चांगले आहेत. बस, एवढंच. तेव्हा मले समजलं का तुह्या फीची गोष्ट केव्हाचीच मागं पडली. पोरगी खपवाची होती, त्याले शिष्यवृत्तीचं निमित्त भेटलं. मले किळस आली दिव्या, सुनिलची आली, त्या जेसीबीवाल्याची आली, अन् सगळ्यात जास्त ज्या माणसासंगं इतके वर्षं संसार केला त्याची आली. हे पोरीले लिहू नये, पण लिहितो.

तू लहान होती तेव्हा या दुकानात कपड्याच्या ढिगावर बसून नटाइले खडीसाखर वाटत होती. घसा बसला का हे घ्या, रोज तीन वेळा, जेवल्यावर. रात्रभर ओरडून आवाज गेलेले मोठमोठे राजे तुह्यापुढं हात पसरत होते. कंपनीचा मालक अजून तुले डॉक्टरीणबाईच म्हणते. मी परवा त्याहीच्याकडं गेली, सीझनचे सगळे कपडे मी शिवतो पण पैसे पहिले द्या म्हणाली. देले त्याहीनं. फी मी भरली. ‘अंदाजे मदत’ शून्य असली तरी तू दुसऱ्या वर्षाले बसली आहेस, हे पक्कं समज.

आता हे पत्र काऊन लिहिलं ते ऐक. पाहुण्याइले तुले पाहाचं आहे. तू अशी बोलावून येत नाईस, म्हून आजी सिरीयस आहे असा तुह्या बाबानं दोन दिवसात फोन कराचा, हे ठरलं. तुही परीक्षा त्याच आठवड्यात आहे, हे त्याहीले माहीत आहे. आजीले खाटेवर पडून कण्हाले सांगतलं. तुही आजी, भागीरथाबाई, त्याहीच्यापुढं हो म्हणाली, अन् ते गेल्याबरोबर पायी दुकानात आली. इथीच समोर बसून सुपारी कातरून राह्यली, अन् म्हणते का लिही: माही तब्येत ठणठणीत आहे. म्हातारी मेली म्हून फोन आला तरी येऊ नको. पेपर देजो. खरंच मेली असंन तं मंग येऊन रडजो, मले चालते.

तुहीच,
आई